चाकांवरचं बिऱ्हाड: मोटरहोमबद्दल तुमचे प्रश्न

गेल्या अंकात न्यूझीलंडच्या साउथ आयलंडमध्ये मोटरहोम, म्हणजे आतच झोपण्याची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, घेऊन फिरण्याबद्दल लिहिलं होतं, त्यावर एवढे प्रश्न आले की यावेळी अख्खं सदर त्यालाच देतेय. मी क्राइस्टचर्चला राहते. कधी नुसते आम्ही चौघं, कधी भारतातून आलेले आईबाबा, एकदा सासरची मंडळी, असं करत बऱ्याच ट्रिपा झाल्यात, त्यामुळे जे सांगतेय ते स्वतः करून बघितलेलं आहे. सगळ्यांच्या पत्रात काळजी एकच दिसली, घरातल्या मोठ्यांना आणि लहानांना हे झेपेल ना. झेपतं हो. फक्त गाडी जेवढी कमी चालवाल तेवढं जास्त झेपतं, आणि हे मी खाली जवळपास प्रत्येक उत्तरात परत परत म्हणणार आहे.

प्रश्न: ताई, आम्ही डिसेंबरच्या शेवटी येतोय, हातात १२ दिवस. मी, नवरा, मुलगी ९ वर्षांची, मुलगा ४ चा आणि सासूबाई-सासरे, दोघंही सत्तरीचे. सहा बर्थची गाडी बघून ठेवलीय. टेकापो, माउंट कुक, वानाका, क्वीन्सटाउन, मिलफर्ड, मग वेस्ट कोस्टने ग्लेशियर करून परत क्राइस्टचर्च असा प्लॅन आहे. सासूबाईंचे गुडघे दुखतात. जमेल ना?
एक वाचक, ठाणे

उत्तर: जमेल, पण वेस्ट कोस्ट काढून टाका. मनापासून सांगतेय. नकाशावर ते सगळं एका गोलात छान बसतं आणि म्हणून प्रत्येक जण तो गोल पूर्ण करायला जातो. पहिल्यांदा आईबाबा आले तेव्हा आम्हीही तेच केलं होतं, रोज तीनशे-तीनशे किलोमीटर, रोज नवा मुक्काम, रोज रात्री अंधारात पाण्याचा नळ शोधा. बाबांनी एका शब्दाने तक्रार केली नाही पण तिसऱ्या दिवसापासून ते खिडकीतून बाहेर बघायचेच थांबले, नुसते डोळे मिटून बसायचे, आणि ते बघून मला जे वाटलं ते अजून विसरले नाहीये. दुसऱ्या वेळी आले तेव्हा 'ते अनाऊ' नावाच्या गावी तलावाकाठी सलग तीन रात्री राहिलो. दुपारी चारला गाडी लावलेली असायची, बाहेर घडीची खुर्ची टाकून बाबा स्वेटर घालून चहा घेत बसायचे, शेजारच्या गाडीतल्या आजोबांशी त्यांच्या शेतीच्या गप्पा चालायच्या. दोघांचं इंग्रजी एकमेकांना निम्मंच कळत होतं, तरी तास-तास गप्पा.

तर हिशोब असा करा. रोजचं ड्रायव्हिंग २०० किलोमीटरच्या वर न्यायचं नाही आणि चारच्या आत मुक्कामी पोचायचं. तिथे डिसेंबरअखेर सूर्य रात्री साडेनऊच्या सुमारास मावळतो, म्हणजे चारनंतरही पाच-साडेपाच तासांचा उजेड हातात असतो, मुलं खेळतात, मोठे फिरतात, स्वयंपाक निवांत होतो. पहिली रात्र क्राइस्टचर्चमध्येच काढा, कारण उन्हाळ्यात भारत आणि न्यूझीलंडच्या वेळेत साडेसात तासांचा फरक असतो आणि विमानातून उतरल्या उतरल्या नवीन गाडी घेऊन हायवेला लागणं धोक्याचं आहे. मग टेकापो दोन रात्री (माउंट कुक तिथून दिवसात जाऊन येता येतं, एका बाजूला शंभरेक किलोमीटर, वाटेत पुकाकी तलावाचा तो निळा रंग बघायला मिळतोच), वानाका तीन, क्वीन्सटाउन एक, ते अनाऊ तीन (मिलफर्डची खाडी तिथूनच बसने करायची, कसं ते खाली सांगितलंय), आणि शेवटची परत क्वीन्सटाउनला. गाडी चालवायच्या पहिल्या दिवसाचं क्राइस्टचर्च ते टेकापो सव्वादोनशेच्या आसपास जातं तेवढं एक चालवून घ्या, मध्ये जेराल्डीनला मोठा ब्रेक घ्यायचा. बऱ्याच कंपन्या क्वीन्सटाउनला गाडी सोडू देतात, थोडे पैसे जास्त पडतात पण परतीचे पावणेपाचशे-पाचशे किलोमीटर वाचतात. वानाकाहून क्वीन्सटाउनला जाताना क्राउन रेंजचा जवळचा रस्ता घेऊ नका, तो १,०७६ मीटरपर्यंत चढतो आणि पलीकडे नुसती वळणं. क्रॉमवेलवरून जा, थोडं लांब पण सरळ, आणि तिथे फळांची दुकानं आहेत, सीझनला चेरी मिळतात.

आता झोपण्याचं. सहा बर्थ म्हणजे सहा जण आडवे होऊ शकतात, एवढाच त्याचा अर्थ. ड्रायव्हरच्या डोक्यावरचा बेड शिडी चढून, मधला बेड म्हणजे डायनिंग टेबल खाली पाडून, मागचा म्हणजे सोफे जोडून. तो मागचा सासूबाई-सासऱ्यांना द्या आणि एका ठिकाणी तीन रात्री असाल तर तो रोज मोडू नका, तसाच राहू दे, त्यांना दुपारी पाठ टेकायला हक्काची जागा मिळते. वर नवरा आणि मुलगी, मधे तुम्ही आणि धाकटा. चार वर्षांच्या मुलाला वर अजिबात नको. गाडीची पायरी मात्र उंच असते, दुखऱ्या गुडघ्यांना ती पहिली पायरीच नको होते, म्हणून पोचल्यावर कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानातून एक घडीचं स्टूल घ्या आणि दाराशी ठेवा. स्वस्तातली वस्तू आहे पण दिवसातून वीस वेळा उपयोगी पडते.

आणखी एक करा, हॉलिडे पार्कमध्ये, म्हणजे पैसे भरून गाडी लावून मुक्काम करायच्या जागी, मोटरहोमच्या जागेबरोबर छोट्या केबिनही मिळतात. निदान दोन-तीन रात्री त्या दोघांसाठी बाथरूमवाली केबिन घ्या, तुमची गाडी शेजारीच. त्यांची नीट झोप होते, तुमचीही होते, आणि नवरा-बायकोला मोकळं बोलायला मिळतं, ज्याचा कुणी उल्लेख करत नाही पण बारा दिवसात त्याची गरज पडते. बुकिंग आजच करा. ख्रिसमसनंतर जानेवारीभर अख्खा न्यूझीलंड सुट्टीवर असतो आणि चांगल्या जागा आधीच भरतात. आणि बॅगा कापडी आणा, घडी होणाऱ्या. कडक सुटकेस ठेवायला गाडीत जागाच नसते, त्या पायात येत राहतात आणि सगळ्यांची चिडचिड त्यावरूनच सुरू होते.

प्रश्न: मी ७२ वर्षांचा. मुलगा ऑकलंडला असतो, तो फेब्रुवारीत आम्हा दोघांना मोटरहोमने फिरवणार म्हणतो. मला रात्री तीन-चारदा उठावं लागतं. गाडीतलं टॉयलेट वापरायचा संकोच वाटतो, सगळे हाताच्या अंतरावर झोपलेले, आणि ते नंतर मुलाने साफ करायचं हे मनाला पटत नाही. म्हणून नाहीच म्हणावं असं वाटतंय.
एक वाचक, पुणे

उत्तर: काका, नाही म्हणू नका. तुम्ही हे लिहून विचारलंत ते फार बरं केलंत, कारण अनेकांच्या घरी याच कारणासाठी ट्रिप रद्द होते आणि खरं कारण कुणी सांगत नाही.

आधी ते टॉयलेट कसं असतं ते सांगते. खाली एक बंद टाकी असते, तिला कॅसेट म्हणतात, साधारण १८-२० लिटरची. वर झाकणाची पट्टी असते, ती वापरतानाच उघडायची आणि लगेच बंद. आत केमिकलची पुडी टाकलेली असते त्यामुळे वास येत नाही. रिकामी करताना गाडीच्या बाहेरच्या बाजूला छोटं दार असतं, तिथून कॅसेट ओढून काढायची, बहुतेकांना चाकं आणि हँडल असतं, प्रवासाच्या बॅगेसारखी ओढत डंप स्टेशनवर, म्हणजे ती ओतायच्या ठरलेल्या जागी, न्यायची, तोटी फिरवून ओतायची, नळाने खळबळून परत बसवायची. हातमोजे घालून पाच मिनिटांचं काम. काही बघावं लागत नाही, कशाला हात लागत नाही. तुमच्या मुलाला ते गाडी घेताना दाखवतीलच. तो तुमच्यासाठी एवढं ठरवतोय, त्याला हे पाच मिनिटांचं काम जड नाही काका.

आता रात्रीचं. टॉयलेटच्या सगळ्यात जवळचा खालचा बेड तुम्ही घ्या, तसं मुलाला आधीच सांगून ठेवा. पाणी सोडलं की गाडीचा पंप घुर्रर्र करतो आणि सगळे जागे होतात, म्हणून रात्री पंपाचं बटण बंद ठेवायचं आणि आत एक लिटरची पाण्याची बाटली भरून ठेवायची, तेवढं पुरतं. वाटेत बॅटरीवरचा छोटा सेन्सरचा दिवा चिकटवा, माणूस हलला की लागतो. पुरुषांसाठी झाकणवालं युरिन पॉट आपल्याकडे कुठल्याही सर्जिकलच्या दुकानात मिळतं, ते बॅगेत टाका, थंडीच्या रात्री उठायलाच नको वाटलं तर उपयोगी. दिवसा पार्कातली टॉयलेट वापरा, ती स्वच्छ असतात, आणि बुकिंग करतानाच "टॉयलेट ब्लॉकच्या जवळची जागा द्या" असं सांगता येतं.

एक आपल्या लोकांसाठीचं सांगायचं राहतं आणि ते कुठल्याच कंपनीच्या माहितीपत्रात नसतं. आपण पाणी वापरतो. दर वेळी मगभर पाणी गेलं की ती कॅसेट पाच माणसांत एका दिवसात भरते. उपाय सोपा, दाबली की धार येते अशी पाव लिटरची प्लॅस्टिकची बाटली, प्रत्येकाची वेगळी रंगाची. पाणी पुरतं, सवय मोडावी लागत नाही, कॅसेट एका दिवसात भरत नाही. भरल्याचा लाल दिवा लागायची वाट बघू नका, रोज सकाळी निघताना रिकामी करायची सवयच लावा.

औषधं पुरेशी घ्या, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, आणि उतरताना फॉर्मवर ती जाहीर करा.

प्रश्न: आम्ही वेलिंग्टनला नवीनच आलोय, ईस्टरला गाडी घेऊन फिरलो पण जेवणाचे हाल झाले. फोडणी टाकली की स्मोक अलार्म बोंबलतो, मायक्रोवेव्ह चालेना, आणि रोज ब्रेड खाऊन मुलं वैतागली. आता आई येणार आहे, ती म्हणते लाडू, मेतकूट, चटण्या सगळं घेऊन येते. चालतं का?
एक वाचक, वेलिंग्टन

उत्तर: मायक्रोवेव्हचं आधी, कारण गाडीत बिघाड आहे असंच सगळ्यांना वाटतं. गाडीत दोन वेगळ्या लाइटी असतात. दिवे, पंप, फ्रिज हे १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात आणि ती बॅटरी गाडी चालली की चार्ज होते. मायक्रोवेव्ह, भिंतीतले प्लग, मिक्सर हे २३० व्होल्टचे, ते हॉलिडे पार्कातल्या पॉवर साइटला केबल लावली तरच चालतात. म्हणजे तलावाकाठी कुठे फुकट जागेवर थांबलात तर फक्त गॅस. म्हणून इडलीचं वाटण वगैरे पॉवरच्या मुक्कामी, खिचडी आणि पिठलं बिनपॉवरच्या मुक्कामी, असं ठरवून टाका.

फोडणीचं म्हणाल तर वरची छताची खिडकी आणि शेगडीजवळची खिडकी दोन्ही उघडल्याशिवाय गॅस पेटवायचाच नाही. नुसत्या अलार्मसाठी सांगत नाहीये, एवढ्याशा बंद जागेत गॅस जळणं जिवाला धोक्याचं आहे. अलार्मवर पिशवी बांधतात काही जण, ते कृपा करून करू नका. मी काय करते, घरून निघतानाच बरणीभर फोडणी करून नेते, तेलात मोहरी, हिंग, हळद, भरपूर लसूण आणि सुकी मिरची. गाडीत फक्त शिजवायचं आणि वरून दोन चमचे घालायची. धूर नाही, पडद्यांना वास नाही. तीन लिटरचा छोटा कुकर हवाच, मूगडाळ-तांदूळ एकदम होतं आणि गॅसही वाचतो. मासे, तळण, पोळ्या हे सगळं पार्कातल्या कॉमन किचनमध्ये. तिथे मोठ्या शेगड्या, सिंक, फ्रिज, बाहेर बार्बेक्यू असतं, आणि शेजारच्या बायका आपल्या पोळ्या फुगताना बघायला येतात, मग एखादी आपण त्यांनाही देतोच.

आईच्या सामानाबद्दल मात्र नीट वाचा. न्यूझीलंडमध्ये उतरताना खाण्याची प्रत्येक वस्तू फॉर्मवर जाहीर करावी लागते, अगदी पर्समधलं उरलेलं सफरचंदसुद्धा. जाहीर न करता सापडलं तर जागच्या जागी ४०० डॉलरचा दंड. जाहीर केलं आणि त्यांना चाललं नाही तर फक्त काढून घेतात, दंड नाही. त्यामुळे आईला सांगा, "काही लपवू नकोस, सगळं लिही." मध पूर्ण बंद, ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता, पेरता येईल असं बी नको, दुधाचे पदार्थ तर नकोच. कंपनीचं सीलबंद लेबलवालं मेतकूट आणि मसाले सोपे जातात, घरच्या पुड्यांची तपासणी होते. गोडा मसाला आणि चटणी आणली तरी पुष्कळ झालं, तांदूळ, डाळी, आटा, हिंग सगळं इथे इंडियन दुकानात मिळतं ते तुम्हाला माहीतच आहे.

वेलिंग्टनहून फेरीने पिक्टनला जाणार असाल तर साडेतीन तास लागतात, गाडीची लांबी बुकिंगला खरी सांगा आणि चढण्याआधी गॅसची टाकी बंद करा.

प्रश्न: मुलगा ५ वर्षांचा, घाटात हमखास उलटी. मोटरहोममध्ये मागे बेडवर झोपवून नेलं तर चालेल का? आणि मिलफर्डचा रस्ता वळणांचा आहे असं ऐकलं.
एक वाचक, नाशिक

उत्तर: नाही, अजिबात नाही. गाडी चालू असताना प्रत्येक जण सीटवर, बेल्ट लावून. बेडवर झोपणं, गॅसवर चहा ठेवणं, मागे उठून काही काढायला जाणं, काहीच नाही. सात वर्षं पूर्ण होईपर्यंत मुलाला चाइल्ड सीट कायद्यानेच लागते आणि मोटरहोममधल्या सगळ्या सीटवर ती बसत नाही, आडव्या आणि उलट्या तोंडाच्या सीटवर तर नाहीच. त्यामुळे बुकिंग करताना वय सांगून विचारा की सीट नक्की कुठे बसणार. समोर तोंड करून, खिडकीतून लांबचं दिसेल अशी जागा मिळाली की उलटीचा त्रास बराच कमी होतो. मोबाइल, पुस्तक बंद. निघण्याआधी पोटभर दूध नको, भाताची पेज किंवा कोरडा टोस्ट, आल्याच्या वड्या खिशात, आणि तासाभराने थांबायचंच, त्याला बरं वाटत असलं तरी.

मोठी गाडी डुलते ती वेगाने. साडेतीन टनांच्या वरच्या गाड्यांना तिथे ९० ची मर्यादा आहे पण वळणांवर त्याहून पुष्कळ कमी ठेवा, मागे गाड्या साठल्या तर बाजूला घेऊन त्यांना जाऊ द्या, कुणी रागावत नाही, उलट हात करून जातात. एकपदरी पूल खूप आहेत, आपल्या बाजूला लाल कडेचा गोल बोर्ड असेल तर आपण थांबायचं. आणि गाडीतला आवाज! याकडे कुणी लक्ष देत नाही पण ताटं-वाट्या दिवसभर खणात खडखडत राहिल्या की डोकं उठतं आणि लहान मुलं किरकिर करतात. प्रत्येक दोन ताटांत एक पातळ पंचा घाला, चमचे सॉक्समध्ये, कुकरच्या शिट्टीला काढून रुमालात. पहिल्याच दिवशी दहा मिनिटं द्या याला.

मिलफर्डला मोटरहोम नेऊच नका. ते अनाऊहून १२० किलोमीटर जायला, तेवढेच यायला, मध्ये होमर टनेल सव्वा किलोमीटरचं, अरुंद आणि अंधारं. ते अनाऊहून बस निघते, बोटीसकट एकच तिकीट, ड्रायव्हर थांबत थांबत नेतो, आणि नेहमी गाडी चालवणारा माणूसही त्या दिवशी खिडकीतून धबधबे बघतो. माझा नवरा चौथ्या खेपेला पहिल्यांदा तो रस्ता बघू शकला. सँडफ्लाय नावाचे बारीक किडे तिथे फार चावतात, मुलाला फुल पँट, मोजे आणि रिपेलंट.

प्रश्न: फुकटात कुठेही गाडी लावून झोपता येतं असं ऐकलं, खरं का?
एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: कुठेही नाही. जिथे परवानगीचा बोर्ड आहे तिथेच, आणि तिथेही बऱ्याच ठिकाणी सेल्फ कंटेन्ड, म्हणजे टॉयलेट, पाणी, सांडपाणी सगळं गाडीतच साठवणारी, अशा सर्टिफिकेटवाली गाडी लागते. २०२३ च्या कायद्यानंतर त्यासाठी टॉयलेट गाडीत पक्कं बसवलेलं असावं लागतं. चुकलात तर दंड चारशे डॉलरपासून पुढे. कुटुंब घेऊन येताय तर एक रात्र बिनपॉवरची, दोन रात्री पॉवरच्या हे प्रमाण आम्हाला सोयीचं पडलं. माउंट कुकजवळ व्हाइट हॉर्स हिलला सरकारी कॅम्पसाइट आहे, वीज नाही पण रात्रीचं आकाश असं की आपल्या लहानपणच्या गावच्या अंगणाची आठवण यावी. कानटोप्या घेऊन बसा.

प्रश्न: परदेश आम्हाला नाही जमणार. आपल्या कोकणात असं काही करता येईल का? घरात आई आणि दोन मुली.
एक वाचक, सातारा

उत्तर: का नाही. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आणि आता भाड्याच्या कॅराव्हॅन मिळतात. आपल्याकडे गाडी बहुतेक ड्रायव्हरसकट येते, तर त्याच्या झोपण्याची आणि जेवणाची सोय बुकिंगच्या वेळीच ठरवा, तो आईबहिणींसमोर अवघडून गाडीतच झोपलाय असं व्हायला नको, आणि त्याची झोप नाही झाली तर दुसऱ्या दिवशी तुमचाच जीव त्याच्या हातात आहे. टॉयलेट रिकामं करायची सोय वाटेत मिळेल हे धरून चालू नका, मुक्काम रिसॉर्टच्या किंवा ओळखीच्या माणसाच्या आवारात घ्या, जिथे बाथरूम, पाणी आणि वीज मिळेल. गाडीची उंची कागदावर लिहून काचेला चिकटवा, गावातल्या लोंबत्या वायरी आणि आंब्याच्या फांद्या यांचा अंदाज येत नाही. पावसाळा टाळा, नोव्हेंबर ते फेब्रुवारी बघा. आणि गणपतीपुळे, तारकर्ली, मालवण सगळं एका ट्रिपमध्ये नको, एका किनाऱ्यावर चार दिवस राहा. आईंना सकाळी समुद्रावर चालायला जाता येईल इतक्या जवळ गाडी लावा, पण वाळूत मात्र चाकं घालू नका.